गोळीला चिकटलेली जर

विंडसर कॅसलमधल्या राजघराण्याच्या संग्रहात एका लॉकेटमध्ये शिशाची एक गोळी जपून ठेवली आहे. २१ ऑक्टोबर १८०५ या दिवशी, स्पेनच्या किनाऱ्याजवळच्या ट्रफाल्गरच्या लढाईत, दुपारी सव्वाच्या सुमारास ‘रदूताब्ल’ या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवर चढून बसलेल्या एका बंदूकवाल्याने ती झाडली. समोरच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या डेकवर ब्रिटिश आरमाराचा सेनापती व्हाइस ॲडमिरल होरेशिओ नेल्सन येरझाऱ्या घालत होता. गोळी त्याच्या डाव्या खांद्यातून शिरली आणि फुप्फुस फाडून पाठीच्या कण्यात गेली. साडेचारच्या सुमारास त्याने प्राण सोडला. पुढे जहाजावरचे सर्जन विल्यम बिटी यांनी ती गोळी शरीरातून काढली, तेव्हा तिला सोनेरी जरीचे धागे घट्ट चिकटलेले होते. खांद्यावरच्या मानाच्या झालरीतून आरपार जाताना गोळीने ती जर स्वतःबरोबर आत ओढून नेली होती. दोनशेहून जास्त वर्षं झाली, ती जर अजून गोळीवर आहे.

आणि ज्या कोटातून ती निघाली तो कोट लंडनमध्ये, ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. डाव्या खांद्यावर, झालरीच्या अगदी कडेला, एक लहानसं भोक. त्याच्या आसपासची जर तुटलेली. गोळी एका ठिकाणी, भोक दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघं मिळून एका क्षणाची साक्ष देतात. आरमारी अधिकाऱ्यांच्या वस्तू जमवणाऱ्या माणसांना नेमकं कशाचं वेड लागतं, हे मला या जोडीइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानेही कळलेलं नाही. वस्तू जुनी आहे, मौल्यवान आहे, एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. ती बोलली पाहिजे, आणि तिचं बोलणं तपासून पाहता आलं पाहिजे.

तो कोट जवळून बघण्यासारखा आहे. गडद निळी लोकर, बाहीवर सोनेरी पट्ट्या. उजवी बाही शाबूत आहे, पण तिच्या टोकाला एक छोटासा काळा फास शिवलेला आहे. १७९७ च्या जुलैमध्ये टेनेरिफच्या हल्ल्यात नेल्सनचा उजवा हात गेला. त्यानंतर रिकामी बाही लोंबकळू नये म्हणून हा फास कोटाच्या पुढच्या बटणात अडकवायचा. छातीवर चार तारे आहेत: इंग्लंडचा, तुर्कस्तानच्या सुलतानाचा, नेपल्सच्या राजाचा आणि एका जर्मन सरदारी संघाचा. नेल्सन झगझगीत पदकं मिरवत डेकवर उभा राहिला आणि म्हणून मारला गेला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कोट वेगळंच सांगतो. हे तारे धातूचे नाहीतच. तारेच्या आणि टिकल्यांच्या भरतकामाने ते कापडावर कायमचे शिवलेले आहेत, आणि हा कोट सणासमारंभाचा नसून रोजच्या वापरातला आहे. त्या सकाळी तो माणूस मुद्दाम नटला नव्हता. नेहमीचा कोट घालून कामावर आला होता.

बाहीवर आणि मागच्या पदरांवर रक्ताचे डाग आहेत, आणि ते बहुधा नेल्सनचे नाहीत. लढाईच्या सुरुवातीलाच त्याचा सेक्रेटरी जॉन स्कॉट तोफेच्या गोळ्याने त्याच डेकवर ठार झाला होता. नंतर गोळी लागून नेल्सन कोसळला तो नेमका त्याच जागी, स्कॉटच्या न वाळलेल्या रक्तात. स्कॉटला पुतळा नाही, त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. त्याच्या मरणाची खूण दुसऱ्याच्या कोटावर राहिली आहे.

हा कोट संग्रहालयापर्यंत पोचला कसा, ते ऐकण्यासारखं आहे. ‘व्हिक्टरी’चा कप्तान थॉमस हार्डी याने तो नेल्सनची प्रेयसी एमा हॅमिल्टन हिच्याकडे सोपवला. एमा कर्जात बुडाली आणि कोट लंडनचे आल्डरमन जोशुआ जोनाथन स्मिथ यांच्या घरी गेला. तिला कर्जाच्या कैदेतून सोडवायला मदत करणाऱ्यांपैकी ते एक. एमा १८१५ मध्ये कॅलेला वारली. पुढची तीसएक वर्षं कोट स्मिथ कुटुंबाकडे पडून होता. नेल्सनचा पत्रव्यवहार संपादित करणारे सर निकोलस हॅरिस निकोलस यांनी १८४५ मध्ये तो शोधून काढला. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी दीडशे पौंड मोजून तो घेतला आणि ग्रिनिचच्या नाविक रुग्णालयाला देऊन टाकला. हार्डी, एमा, स्मिथ, निकोलस, अल्बर्ट, ग्रिनिच. यातला एक दुवा जरी निसटला असता, तरी आज आपल्यासमोर एक जुना भोक पडलेला कोट असता, बस्स.

संग्राहकाच्या दृष्टीने ही हातोहात आलेली मालकीची साखळी हाच वस्तूचा प्राण आहे. वस्तूपेक्षा तिच्यासोबतची चिठ्ठी मोलाची ठरते. जुन्या लिलावांच्या याद्या, मृत्युपत्रातली एक ओळ, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं लेबल, यांवर सगळं उभं राहतं.

आरमारात अधिकाऱ्यांच्याच वस्तू जास्त का उरल्या, यालाही साधं कारण आहे. ब्रिटिश आरमारात अधिकाऱ्यांना १७४८ पासून ठरलेला गणवेश होता; साध्या खलाशांना तो थेट १८५७ मध्ये मिळाला. खलाशाचे कपडे अंगावर विरून जायचे. अधिकारी गणवेश, तलवार, दुर्बीण स्वतःच्या पैशाने घ्यायचा, त्याला घरदार असायचं, आणि घरात जपून ठेवायला पेटी असायची. म्हणजे आज ‘आरमाराचा इतिहास’ म्हणून काचेमागे जे दिसतं, ते मुख्यतः मूठभर वरच्या लोकांचं सामान आहे. हे भान सुटलं की संग्रह खोटं बोलू लागतो.

खोटं-खरं ओळखण्याच्या युक्त्या तर विलक्षण आहेत. नेल्सनची पत्रं बघा. जुलै १७९७ च्या आधी तो उजव्या हाताने लिहायचा, अक्षर उजवीकडे झुकलेलं आणि सफाईदार. हात गेल्यावर काही दिवसांतच त्याने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली, आणि अक्षर सगळं बदललं. त्यामुळे तारीख नसलेलं पत्रसुद्धा नुसत्या वळणावरून आयुष्याच्या अलीकडच्या की पलीकडच्या टप्प्यातलं, हे कळतं. १८०० ची तारीख टाकून उजव्या वळणाचं पत्र कुणी विकायला आणलं, तर तो लबाड एका क्षणात पकडला जातो. त्याचं एमाला लिहिलेलं शेवटचं पत्र १९ ऑक्टोबर १८०५ ला सुरू झालेलं, अपुरं आहे. लढाईनंतर ते त्याच्या मेजावर उघडंच सापडलं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.

बटणंही तशीच. ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या बटणावर दोर गुंडाळलेला नांगर असायचा. १८१२ मध्ये त्या नांगरावर मुकुट आला. म्हणून ‘ट्रफाल्गरमध्ये वापरलेला’ म्हणून दाखवलेल्या कोटावर मुकुटाची बटणं दिसली, तर निदान ती बटणं तरी नंतरची. आपल्याकडेही हाच नियम चालतो. २६ जानेवारी १९५० ला ‘रॉयल इंडियन नेव्ही’ ‘इंडियन नेव्ही’ झाली आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एखाद्या जुन्या कोटाच्या बटणांवर बोट फिरवलं तरी प्रजासत्ताकाचा अलीकडचा आणि पलीकडचा काठ हाताला लागतो. हा स्पर्श मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त खरा वाटतो.

आणि तलवार! ‘नेल्सनने ट्रफाल्गरला कमरेला लावलेली तलवार’ अशी वस्तू जगात असूच शकत नाही. बिटी यांनी नोंदवून ठेवलंय की त्या दिवशी तलवार केबिनमधल्या मेजावर काढून ठेवली होती आणि तो ती न लावताच डेकवर गेला.

पदकांपाशी मात्र थांबायलाच हवं, कारण इथे छोट्या संग्राहकालाही शिरकाव आहे. ब्रिटिश सरकारने १८४७ मध्ये एक पदक जाहीर केलं: १७९३ ते १८४० या काळातल्या आरमारी लढायांसाठी, पण तेव्हा हयात असलेल्यांना आणि स्वतः अर्ज करणाऱ्यांनाच. म्हणजे विशी-पंचविशीत लढलेल्या माणसाला सत्तरीत पदक. २३१ वेगवेगळ्या लढायांच्या पट्ट्या मंजूर झाल्या, आणि सुमारे एकवीस हजार पदकं दिली गेली. काही पट्ट्यांसाठी एकही अर्ज आला नाही. ती लढाई आठवणारं कुणी उरलंच नव्हतं.

हे पदक हातात घेतल्यावर जाणकार राणीचा चेहरा बघत नाही. तो पदक आडवं करून कडेवर प्रकाश पाडतो. तिथे ठोकलेल्या बारीक अक्षरांत माणसाचं नाव असतं. अधिकारी असेल तर हुद्दाही, पण साधा खलाशी असेल तर नुसतं नाव, जहाजाचं नावसुद्धा नाही. मग नाव ‘जॉन स्मिथ’ निघालं तर यादीतला कोणता जॉन स्मिथ हे ठरवण्यात महिने जातात. कडेवर धातू किंचित खोलगट लागला, तर मूळ नाव घासून पुसून दुसरं ठोकलेलं असण्याची शंका येते. बोटाच्या पेराला कळणारी ही बारीकशी खोल हजारो पौंडांचा फरक पाडते.

याच पदकाच्या नोंदींमध्ये एक नाव आहे डॅनियल ट्रिमेंडस मॅकेन्झी. १ जून १७९४ च्या लढाईच्या वेळी ‘ट्रिमेंडस’ या जहाजावर त्याचा जन्म झाला. अर्ध्या शतकानंतर त्याने अर्ज केला, आणि त्याला पदक मिळालं. लढाईच्या वेळचा हुद्दा या रकान्यात लिहिलं आहे: बाळ. पण तोफांना दारू पुरवणाऱ्या, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बायकांनी अर्ज केले, तेव्हा ते फेटाळले गेले. ट्रफाल्गरला ‘डिफायन्स’ जहाजावर असलेल्या जेन टाउनशेंडचा अर्जही गेला. बाळाला मिळालं, बायकांना नाही. हा अन्याय पदकावर कुठेही कोरलेला नाही. तो नोंदवहीत सापडतो, आणि म्हणूनच नुसती वस्तू घेऊन बसणाऱ्यापेक्षा नोंदवही उघडणारा संग्राहक मला मोठा वाटतो.

वस्तू घरात किती वर्षं झोपून राहू शकते? ट्रफाल्गरला ‘स्पार्शिएट’ जहाजावर फडकलेला ब्रिटिश ध्वज जहाजावरच्याच लोकांनी कापडाच्या पट्ट्या जोडून शिवला होता. लढाईनंतर त्यांनी तो लेफ्टनंट जेम्स क्लेफन याला भेट दिला. साधा खलाशी म्हणून आत शिरून अधिकारीपदापर्यंत पोचलेल्या विरळ माणसांपैकी हा एक. खलाशांनी आपल्या अधिकाऱ्याला दिलेली ती मनापासूनची पावती होती. ध्वज त्याच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिला. २१ ऑक्टोबर २००९ ला लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा अंदाज होता दहा-पंधरा हजार पौंडांचा. गेला ३,८४,००० पौंडांना. त्या ध्वजावर गोळ्यांची भोकं आहेत, आणि क्लेफनपासूनची साखळी अखंड आहे.

‘व्हिक्टरी’चा मोठा ध्वज मात्र एकसंध उरला नाही. ९ जानेवारी १८०६ ला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये नेल्सनचं दफन झालं. त्याच्या खलाशांनी ध्वजाची घडी घालून शवपेटीवर ठेवायची, असं ठरलं होतं. ऐनवेळी त्यांनी तो टराटरा फाडला आणि मिळेल तो तुकडा छातीशी धरून नेला. राजशिष्टाचाराच्या दृष्टीने हा गोंधळ होता. पण आज जगभर पसरलेले ते तुकडे पाहिले की वाटतं, स्मरणवस्तू जमवणारे पहिले लोक श्रीमंत हौशी नव्हते, त्याच्याबरोबर लढलेले खलाशीच होते.

सगळ्याच गोष्टी वाचत नाहीत. नाइलच्या लढाईनंतर, १७९८ मध्ये, तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सेलीम याने नेल्सनला हिऱ्यांचा तुरा पाठवला होता, त्याला चेलेंक म्हणतात. तीनशेहून जास्त हिरे, तेरा किरणं, आणि मधला तारा किल्ली दिल्यावर घड्याळासारखा फिरायचा. १९५१ मध्ये जॉर्ज चॅथम नावाच्या चोराने ग्रिनिचच्या संग्रहालयातून तो पळवला आणि मोडून हिरे विकून टाकले. त्या हिऱ्यांतला एखादा आज कुणाच्या तरी अंगठीत असेल, आणि घालणाऱ्याला कल्पनाही नसेल. हिऱ्यांची किंमत राहिली, इतिहास गेला. इतक्या क्रूरपणे हे दोन्ही वेगळे झालेले दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आता एक गोष्ट मुंबईची. ‘फूड्रॉयंट’ हे नेल्सनचं काही काळचं निशाणाचं जहाज. १८९२ मध्ये आरमाराने ते मोडीत काढलं आणि ते जर्मन भंगारवाल्यांच्या हाती गेलं. लोक खवळले. शेवटी जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या धनिकाच्या घराण्याने ते परत विकत घेऊन डागडुजी केली, आणि बंदरोबंदरी लोकांना दाखवायला सुरुवात केली. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळाने त्याचे तुकडे केले. त्या ओकच्या लाकडाची टेबलं झाली, पेट्या झाल्या, तळाच्या तांब्याची पदकं पाडली गेली. ती आजही जुन्या वस्तूंच्या दुकानांत सापडतात, आणि लहान खिशाच्या संग्राहकाला नेल्सनच्या जहाजाचा खराखुरा तुकडा त्यांच्यामुळेच परवडतो.

कॉब यांनी हार मानली नाही. त्यांनी दुसरं जुनं लढाऊ जहाज विकत घेतलं आणि त्याला ‘फूड्रॉयंट’ हेच नाव दिलं. ते जहाज होतं ‘त्रिंकोमाली’, मुंबईच्या गोदीत मास्टर बिल्डर जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागात बांधलेलं. इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा पडला होता, म्हणून बांधणीचं काम इकडे आलं. जहाजाचे नकाशे पहिल्यांदा ‘जावा’ या जहाजातून पाठवले होते. ‘जावा’ १८१२ च्या अखेरीस अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गमावलं, आणि नकाशेही त्याच्याबरोबर गेले. मग नवी प्रत आली. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी जहाजाच्या कण्यात कोरीव अक्षरांचा चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला ‘त्रिंकोमाली’ मुंबईच्या पाण्यात उतरली.

इंग्लिश ओक ब्लॅकपूलच्या वाळूत संपला, आणि त्याचं नाव मुंबईच्या सागाने जवळजवळ शतकभर वाहिलं. १९९२ मध्ये जहाजाला मूळ नाव परत मिळालं. आज ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये आहे, आणि पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून ओळखलं जातं. संग्राहकांच्या बोलण्यात मुंबईचा साग आणखी एका ठिकाणी भेटतो. १८४७ च्या त्या पदकावर १८२७ च्या ‘नॅव्हरिनो’ लढाईची पट्टी असते. त्या लढाईतलं ब्रिटिशांचं निशाणाचं जहाज ‘एशिया’ हेही मुंबईतच बांधलेलं. हे माहीत झाल्यापासून ती पट्टी मला परकी वाटत नाही. आणि नेल्सन स्वतःही पोरवयात, ‘सीहॉर्स’ जहाजावर उमेदवार असताना मुंबईला आला होता. इथेच तापाने इतका खंगला की त्याला घरी परत पाठवावं लागलं.

आपल्या आरमारी माणसांच्या वस्तूंचं काय? भारतात शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि कित्येक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते. पण आपल्या घराघरांत जे आहे ते बहुतेक त्याहून नवं आहे: १९७१ च्या युद्धातली पत्रं, बोटीवरच्या जेवणाची छापील मेनूकार्डं, बदलीचे हुकूम, खांद्यावरच्या पट्ट्या, गणवेशातले फोटो. कायदा अजून त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि रद्दीवाला मात्र रोज दारात येतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली. अशी जाण असलेली माणसं आरमारात नेहमी होती. पण संस्था पेटी उघडायला घरी येऊ शकत नाही. पेटी घरच्यांनीच उघडायची असते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, पेनने कधीही नाही, नावं, बोट, वर्ष लिहायचं. पदकं चकचकीत करू नयेत; घासण्याने कडेवरचं नाव झिजतं. वस्तू आणि तिची कागदपत्रं वेगळ्या भावांत वाटू नयेत.

मुंबईनेही एक मोठी बोट भंगारात जाताना पाहिली. १९७१ मध्ये लढलेली विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं तरंगतं संग्रहालय होती, आणि २०१४ मध्ये विकली गेली. ‘फूड्रॉयंट’च्या तांब्याचं झालं तेच तिच्या पोलादाचं झालं. शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी तिच्या धातूतून घडवलेलं स्मारक २०१६ मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डजवळ उभं राहिलं, आणि त्याच वर्षी बजाजने तिचं पोलाद वापरून ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. पुण्या-कोल्हापुरात, नाशिकमध्ये त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. शंभर वर्षांनी कुणी अशा एखाद्या गाडीची टाकी हाती घेऊन ‘यात विक्रांत आहे’ म्हणेल, तेव्हा समोरचा जाणकार पहिला प्रश्न विचारेल तो कागदाचा. ज्यांच्याकडे ती गाडी आहे, त्यांनी शोरूमचं बिल आणि कंपनीने दिलेले कागद गाडीबरोबरच सांभाळून ठेवावेत.